किती उशीर म्हणजे उशीर?

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी जपानमधल्या त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरची एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली. एकाही प्रवाशानं तक्रार केली नव्हती. तरी रेल्वे कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि ती बातमी जगभर फिरली. बहुतेकांनी ती गंमत म्हणून वाचली. जर्मन रेल्वेच्या हिशेबात मात्र सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर आलेली धरतात आणि स्वित्झर्लंडमध्ये ही सवलत तीन मिनिटांची आहे. म्हणजे पाच मिनिटं उशिरा आलेली एकच गाडी एका देशाच्या आकडेवारीत वेळेवर ठरते, सीमेपलीकडे उशिरा ठरते आणि तिसऱ्या देशात तिच्यासाठी कुणाला तरी वाकून माफी मागावी लागेल.

उशीर घड्याळ ठरवतं असं आपल्याला वाटतं. पण तो कुठून मोजायचा, हे आधीच ठरलेलं असतं. कधी ते रेल्वे ठरवते, कधी ऑफिसातलं हजेरीचं यंत्र, कधी कालचा प्रवास. पुष्कळदा कुणीच ठरवत नाही, ते सवयीनं बसत जातं. अर्थशास्त्रात या मोजमापाच्या शून्याला संदर्भबिंदू म्हणतात. रोजचा प्रवासी कुठली गाडी धरेल, गाडी सोडून बसनं जाईल का, नवं शुल्क सहन करेल का, हे सगळं या शून्यावरून ठरत असतं. वाहतूक चालवणाऱ्या संस्था मात्र हा शून्य आपल्या अखत्यारीतलाच नाही अशा थाटात वागतात आणि सोयीचं असेल तेव्हा तो गुपचूप सरकवतात. माझी तक्रार या गुपचूपपणाबद्दल आहे.

वाहतूक नियोजनाचं नेहमीचं गणित साधं असतं. प्रवासाला लागणारी मिनिटं घ्यायची, त्यांना पैशातली किंमत लावायची, त्यात तिकीट किंवा इंधन मिळवायचं. ज्या पर्यायाची बेरीज कमी, तो प्रवासी निवडणार. पूल असो, बोगदा असो की मेट्रो, प्रकल्प अहवालात वाचलेली मिनिटं गुणिले प्रवाशांची संख्या असा एक गलेलठ्ठ आकडा असतोच. या गणितात ५० मिनिटांचा प्रवास सगळ्यांसाठी ५० मिनिटांचा. प्रत्यक्षात कालपर्यंत ४० मिनिटांत पोचणारा माणूस आज ५० लागली म्हणून वैतागलेला असतो आणि कालपर्यंत ज्याला ६५ लागायची तो आज ५० मध्ये पोचलो म्हणून खुशीत असतो. दोघं एकाच डब्यात, एकाच दांडीला धरून उभे असतात. उद्या दोघांना दुसरा पर्याय दिला तर त्यांची उत्तरं वेगळी येतील आणि गणिताला त्याचं कारण सापडणार नाही.

हे कारण डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नीट मांडलं. माणूस आपल्याकडे एकूण किती आहे हे तोलत नाही. एका ठरावीक बिंदूपासून किती वर गेलो, किती खाली आलो, हे तोलतो. आणि खाली येणं त्याला तितक्याच वर जाण्यापेक्षा जास्त बोचतं. १९९२ मधल्या त्यांच्या अंदाजानुसार सव्वादोनपट. त्यांचा १९८१ चा एक प्रयोग तर प्रवासाबद्दलच आहे, पण वाहतुकीच्या चर्चेत तो क्वचितच येतो. तुम्ही दुकानात एक महागडं जाकीट आणि एक स्वस्त कॅलक्युलेटर घ्यायला गेला आहात. विक्रेता सांगतो, वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या शाखेत कॅलक्युलेटर थोड्या कमी किमतीत मिळेल. जाल का? अशा वेळी ६८ टक्के लोक जायला तयार झाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली, कॅलक्युलेटर महाग आणि जाकीट स्वस्त, सूट मात्र कॅलक्युलेटरवर तेवढ्याच रकमेची, तेव्हा फक्त २९ टक्के. अंतर तेच, पैसे तेच, वीस मिनिटंही तीच. सूट कशाशेजारी ठेवून दाखवली एवढंच बदललं होतं. ज्याला 'वेळेची किंमत' म्हणून आपण अहवालांत एकच आकडा लिहितो, ती एकाच फेरीच्या बाबतीतही इतकी हलते.

या सिद्धांताला गुरुत्वाकर्षणाचा दर्जा द्यायची गरज नाही. न्यू यॉर्कचे टॅक्सीचालक दिवसाच्या कमाईचं एक लक्ष्य मनात धरतात आणि ते गाठलं की चांगला धंदा असलेल्या दिवशीही लवकर घरी जातात, असा निष्कर्ष १९९७ मध्ये कॉलिन कॅमरर आणि सहकाऱ्यांनी काढला. पुढे हेन्री फार्बर यांनी त्यावर हरकत घेतली आणि मोठ्या आकडेवारीच्या आधारे बहुतेक चालक धंदा चांगला असताना जास्तच वेळ गाडी चालवतात असं दाखवलं. तो वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण अनुभवानं माणूस सुधारतो ही शक्यता त्यातून उघडी राहते. पण रोजच्या प्रवाशाला चालकासारखी सुधारण्याची संधी मिळते का? चालक दिवसभरात अनेक निर्णय घेतो आणि त्यांचं फळ रात्री मोजतो. प्रवासी एक निर्णय वर्षांपूर्वी घेतो आणि तोच रोज पुन्हा करतो.

सकाळी कामावर जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. हजेरी नऊची. आठ पन्नासला पोचलं काय, आठ पंचावन्नला काय, त्याला फारसा फरक पडत नाही. नऊ वाजून दोन मिनिटं आणि नऊ वाजून सात मिनिटं यातही फरक नाही, लेट मार्क दोन्हीला सारखाच. सगळा जीव आठ एकोणसाठ आणि नऊ एक यांच्यामध्ये अडकलेला. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी १९६९ मध्ये गर्दीच्या वेळेचं जे गणित मांडलं, त्याच्या केंद्रस्थानी ही पोचण्याची हवी असलेली वेळ होती. रस्त्याच्या चिंचोळ्या जागी रांग का लागते, तर सगळ्यांचा काटा एकाच आकड्यावर टेकलेला असतो म्हणून. नंतरच्या संशोधकांनी त्यात भर घातली, की प्रवाशाच्या मनात दोन खुणा असतात. एक मनासारखी वेळ, पाणी पिऊन जागेवर बसायला दोन मिनिटं मिळतील अशी. दुसरी शेवटची वेळ, जिच्यापुढे बोलणी खावी लागतात. या दोन खुणांच्या मधली जागा म्हणजे त्याची मोकळीक. तिच्या आत काहीही झालं तरी तो मार्ग बदलत नाही, घरातून निघायची वेळही बदलत नाही. तिच्या बाहेर एकदा जरी फेकला गेला तरी दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आधी निघतो.

फलाटावर हे डोळ्यांनी दिसतं. फलकावर 'आठ मिनिटं' लिहिलेलं असेल आणि गाडी आठव्या मिनिटाला आली, तर कुणी मान वर करत नाही. फलकावर 'चार' असेल, आणि चारचे तीन होऊन तो तीनवरच अडकला, की दुसऱ्याच मिनिटाला चुळबुळ सुरू होते. कुणी फलाटाच्या कडेला जाऊन वाकून बघतो. कुणी मोबाइलवर तीच माहिती पुन्हा तपासतो, जणू तिथे वेगळी गाडी येणार आहे. पाचव्या मिनिटाला एकदोघं जिन्याकडे वळतात, थांबतात, परत येतात. बाहेर पडून बस धरावी, तर पाठ फिरवताच गाडी यायची ही भीती. आठ मिनिटं थांबणारे शांत असतात आणि सहा मिनिटं थांबणारे हैराण. नेदरलँड्समधल्या द हेगमध्ये ट्रामथांब्यांवर किती वेळ उरला ते दाखवणारे फलक बसवल्यावर प्रवाशांना थांबण्याचा काळ सुमारे २० टक्क्यांनी कमी वाटू लागला. ट्राम तितक्याच वेळानं येत होत्या. फलकानं त्यांना मोजायला एक खात्रीचा शून्य दिला होता. तोच फलक खोटं बोलू लागला तर नसलेला परवडला, हे मात्र तो खरेदी करणाऱ्यांच्या निविदेत कुठं लिहिलेलं नसतं.

यावरून पहिली गोष्ट निघते ती वेगाविषयी. रोज ४५ मिनिटं लागणारा मार्ग आणि कधी ३० तर कधी ६० मिनिटं लागणारा मार्ग यांची सरासरी एकच आहे. प्रवाशाच्या लेखी ते दोन वेगळे ग्रह आहेत. दुसऱ्या मार्गावर ३० मिनिटांत पोचल्याचा आनंद तो विसरून जातो, ६० मिनिटांचा दिवस लक्षात ठेवतो आणि रोज साठ धरूनच निघतो. उरलेला वेळ ऑफिसच्या दाराशी, चौकात, गाडीत बसून जातो. हा राखीव वेळ बहुतेक प्रकल्प अहवालांत धरत नाहीत, कारण त्या वेळी प्रवासी प्रवास करत नसतो, तो पोचलेला असतो. सरासरी वेगात चार मिनिटं वाचवणाऱ्या प्रकल्पासाठी निधी सहज मिळतो. अनिश्चिततेची पंधरा मिनिटं कापणारं सिग्नलचं काम, राखीव गाडी, ठरावीक मार्गावर बससाठी वेगळी पट्टी, यांचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

स्वित्झर्लंडनं हे फार आधी ओळखलं. १९८२ पासून तिथं देशभर गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटू लागल्या आणि १९८७ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'बान २०००' या योजनेचं सूत्रच असं होतं, की गाडी शक्य तितकी वेगवान नको, आवश्यक तितकी वेगवान हवी. दोन स्थानकांतला वेळ तासाच्या आत बसला की पुढची जोडगाडी मिळते, मग आणखी चार मिनिटं कमी करायला पैसे ओतायचे कशाला? प्रवाशाच्या डोक्यात एकच आकडा राहतो, तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि वेळापत्रक त्या आकड्याभोवती बांधलेलं असतं.

दुसरी गोष्ट सवयीची. आपण आपला रस्ता विचारपूर्वक निवडलाय असं प्रत्येकाला वाटतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. हजारो लोकांना नाइलाजानं दुसरा मार्ग शोधावा लागला. शॉन लार्कम, फर्डिनांड राउश आणि टिम विलेम्स या अर्थतज्ज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे पाच टक्के प्रवासी संप मिटल्यावरही जुन्या मार्गावर परतलेच नाहीत असं दिसलं. त्यांना त्यांचाच मार्ग इतकी वर्षं बरा वाटत होता आणि त्याहून चांगला मार्ग शेजारून जात होता. पाच टक्के हा आकडा काहींना लहान वाटेल. मला तो मोठा वाटतो, कारण ही माणसं तिथं नवखी नव्हती, रोज जाणारी-येणारी होती.

त्यांना शोध का लागला नव्हता, याचं एक उत्तर नकाशात आहे. लंडनचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक यांनी आखला, १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. रेषा सरळ, कोन ठरावीक, अंतरं मात्र खरी नाहीत. २०११ मध्ये झान गुओ यांनी दाखवून दिलं, की मार्ग निवडताना प्रवाशांवर नकाशातल्या अंतराचा प्रभाव प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या सुमारे दुप्पट असतो. रोजचा अनुभव एकीकडे आणि भिंतीवरचा कागद दुसरीकडे, तर कागद जिंकतो. संपाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच आढळलं, की नकाशात जिथं अंतरांची जास्त ओढाताण झाली होती, त्या भागातल्या लोकांना नवे मार्ग जास्त सापडले. सोय म्हणून काढलेल्या एका चित्रानं कित्येक दशकं लोकांचा शून्य ठरवला आणि त्यात कुणाचं कटकारस्थान नव्हतं.

घर निवडतानाही माणूस जुना शून्य बरोबर घेऊन जातो. उरी सिमनसन यांनी २००६ मध्ये अमेरिकेत एका शहरातून दुसऱ्या शहरात राहायला गेलेल्या कुटुंबांची माहिती तपासली. जिथं प्रवास लांबचा असतो अशा शहरातून आलेले लोक नव्या शहरातही कामापासून लांबचं घर घेतात, कारण जुन्या हिशेबानं ते जवळच वाटतं. त्याच शहरात पुढे पुन्हा घर बदललं, की मात्र ते तिथल्या मापावर येतात आणि जवळ सरकतात. माप बदलतं, पण मध्ये काही वर्षं आणि एक घरभाडं करार जातो.

मला या प्रश्नात सर्वांत जास्त रस आहे तो पैशाच्या बाजूनं, कारण सरकारं तिथंच घाबरतात. मोटारीनं जाणाऱ्याचा शून्य काय असतो? मोटार दारात उभी आहे, विमा भरलाय, हप्ता चालू आहे. आता तिच्यातून कामावर जायला फक्त इंधन लागतं. बसचं तिकीट मात्र रोज समोर येतं, म्हणून बस महाग. जर्मनीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोक स्वतःच्या मोटारीचा महिन्याचा एकूण खर्च खऱ्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच धरतात असं दिसलं. घसारा फारशा कुणाच्या हिशेबात नसतो. अशा माणसापुढे शहरात यायचं शुल्क ठेवलं, की त्याला ते आपल्या खिशातून काढून घेतल्यासारखं वाटतं. रस्ता आजवर फुकट होता, तो त्याचा शून्य. गर्दीत रोज जाणारा वेळ त्या शून्यात आधीच मुरलेला असतो, म्हणून तो वेळ परत मिळेल हे सांगून भागत नाही. तोटा आजचा आणि नक्की, फायदा उद्याचा आणि ऐकीव.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमनं यावर जो मार्ग काढला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असे सात महिने शुल्क लावून बघायचं, मग बंद करायचं, आणि सप्टेंबरमध्ये मतदान घ्यायचं. प्रयोगाआधी लोकमत ठाम विरोधात होतं. शुल्क सुरू झालं आणि हद्दीवरची वाहनं सुमारे वीस टक्क्यांनी घटली. जुलैअखेर ते थांबलं तेव्हा गर्दी पुष्कळशी परत आली. आता मतदारासमोर दोन्ही स्थिती स्वतः जगलेल्या होत्या. शहरानं थोड्या बहुमतानं होकार दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. पुढे पाठिंबा वाढतच गेला. योनास एलियासन या तिथल्या वाहतूक तज्ज्ञांनी नोंदवलेली एक गोष्ट मोठी मजेशीर आहे. ज्यांनी गाडी घरी ठेवायला सुरुवात केली त्यातल्या बहुतेकांना आपण काही बदललं हे जाणवलंच नाही, आणि ज्यांचं मत फिरलं त्यांतल्या पुष्कळांना आपण पहिल्यापासून याच मताचे होतो असं वाटत होतं. नवा शून्य बसला, की जुन्याची आठवणही पुसली जाते.

म्हणून मग सरकारांनी लोकांच्या विरोधाकडे काणाडोळा करून शुल्क लावावं का? गोथेनबर्गचं उदाहरण इथं आडवं येतं. त्याच देशातल्या या शहरात जानेवारी २०१३ पासून शुल्क सुरू झालं, आधी प्रयोग नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सल्लामतदान झालं, त्यात स्पष्ट बहुमत विरोधात गेलं, आणि शुल्क तरीही चालूच राहिलं. लोक हळूहळू सरावले हे खरं. पण सरावणं म्हणजे संमती, असं मानणारा प्रशासक उद्या काहीही सरावून घेईल. स्टॉकहोमच्या भोवतालच्या ज्या नगरपालिकांनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं, तिथंही एकूण कौल विरोधातच होता. शहरात राहणाऱ्याला मोकळा रस्ता मिळाला होता, बाहेरून येणाऱ्याला आधी पावती. दोघांचा शून्य वेगळा होता आणि मोजलं गेलं एकाचंच मत.

न्यू यॉर्कनं दुसरीच वाट धरली, बहुधा नकळत. तिथलं शुल्क जून २०२४ च्या अखेरीला सुरू व्हायचं होतं. गव्हर्नर कॅथी होकल यांनी ते ऐन वेळी थांबवलं आणि ५ जानेवारी २०२५ पासून ते आधी ठरलेल्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी दरात सुरू झालं. २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्यानं मूळ दरावर जायचं असं ठरलंय. मोठा आकडा आधीच कानावर पडलेला असल्यामुळे छोटा आकडा सवलत वाटावा, अशी ही मांडणी झाली. दुकानात छापील किंमत खोडून खाली दुसरी लिहिलेली असते, त्या जातीची. राजकारणात हे चालून जातं. मला त्यात अडचण एवढीच वाटते, की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच माणूस नव्या तोट्याला सामोरा जाणार आहे, आणि तोवर त्याचा शून्य खालच्या दरावर बसलेला असेल.

शुल्काऐवजी बक्षीस दिलं तर? नेदरलँड्समध्ये २००६ साली गर्दीची वेळ टाळणाऱ्या मोटारचालकांना पैसे द्यायचा प्रयोग झाला. सहभागी चालकांच्या गर्दीच्या वेळच्या फेऱ्या जवळपास निम्म्यावर आल्या. बक्षीस थांबलं आणि बहुतेक जण आपापल्या जुन्या वेळेवर परत गेले. बक्षीस मिळत होतं तोवर ती वरकड कमाई होती, मूळ वेळ तीच राहिली. उलट जर्मनीनं २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीसाठी नाममात्र दराचं मासिक तिकीट काढलं, पाच कोटींच्या वर तिकिटं खपली, आणि मे २०२३ मध्ये कायमचं तिकीट आलं ते त्याच्या पाचपटीहून महाग. जुन्या पासांच्या तुलनेत तेही पुष्कळांसाठी स्वस्तच होतं. पण ज्याच्या डोक्यात त्या तीन महिन्यांचा दर बसला, त्याला ते महागच वाटणार. उदारपणे दिलेली तात्पुरती सवलत पुढच्या चांगल्या निर्णयाच्या अंगावर अशी येते.

इथवरची उदाहरणं उघड्यावरची होती, लोकांना दिसणारी. माझा खरा राग न दिसणाऱ्या सरकवासरकवीवर आहे. गाड्या रोज सात मिनिटं उशिरा येतात. उपाय दोन. एक, सात मिनिटं का जातात ते शोधून काढणं. दोन, वेळापत्रकात सात मिनिटं वाढवणं. दुसरा उपाय एका बैठकीत होतो आणि पुढच्या महिन्याच्या अहवालात वक्तशीरपणा झळकतो. वेळापत्रकात थोडी ढील ठेवावीच लागते, तिच्याशिवाय एका गाडीचा उशीर दहा गाड्यांना लागतो, हे मान्य. पण ती ढील कुठं संपते आणि झाकपाक कुठं सुरू होते, हे प्रवाशाला कळायला जागाच नसते. विमान कंपन्यांनी ही कला इतकी साधली आहे, की वैमानिक 'आपण वेळेआधी उतरत आहोत' असं सांगतो आणि आपण मनातल्या मनात खूश होतो. व्याख्येचाही असाच उपयोग होतो. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या टक्केवारीत रद्द झालेली गाडी धरतच नाहीत. फार उशीर झालेली गाडी रद्दच केली, तर आकडा सुधारतो. कुणी मुद्दाम तसं करतं असं मी म्हणत नाही. पण मापच असं ठेवलं, की सगळ्यांत मोठी गैरसोय त्यात मावत नाही.

यात प्रवाशाचं नुकसान दुहेरी आहे. त्याची सात मिनिटं गेली ती गेलीच, आणि ती गेली हे सांगायची जागाही गेली. वर्षभरात नवी वेळ त्याचा शून्य होते. समाधानाच्या पाहणीत तो 'ठीक' या चौकटीत खूण करतो. त्या खुणेचा अर्थ सेवा ठीक आहे असा काढला जातो. उभ्यानं जाणाऱ्याला बसायला मिळालं की आनंद, श्वास घेता येत नव्हता त्याला उभं राहता आलं की आनंद, इतक्या खाली माप उतरलेलं असतं तिथं समाधानाची टक्केवारी छापणं म्हणजे प्रवाशाच्या सोसण्याचं श्रेय संस्थेनं घेणं आहे.

सोसलेलं किती होतं, हे २०२० नंतर कळलं. ज्यांना घरून काम करता आलं, त्यांचा शून्य अचानक 'प्रवास नाही' इथं गेला. कार्यालयं पुन्हा उघडली तेव्हा तोच रस्ता, तीच गाडी, तितकीच मिनिटं लोकांना असह्य वाटू लागली. व्यवस्थापकांनी त्याला आळस म्हटलं. मला वाटतं, इतकी वर्षं न मोजलेला खर्च त्यांना पहिल्यांदा मोजता आला. ज्यांचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, ते सफाई कामगार, परिचारिका, वाहनचालक, त्यांना ही फेरमोजणी करायची सवडच मिळाली नाही, आणि वाहतुकीच्या चर्चेत त्यांचा आवाज आधीइतकाच कमी आहे.

कुणी म्हणेल, शून्य सरकवणं वाईटच असेल तर स्टॉकहोमनं तरी दुसरं काय केलं? फरक आहे तो पद्धतीत. तिथं सुरुवातीची तारीख जाहीर होती, शेवटचीही. आकडे सगळ्यांना उपलब्ध होते. जुनी स्थिती परत आणून दाखवली गेली आणि मगच कौल घेतला गेला. प्रवाशाला दोन्ही शून्यांवर उभं राहून बघता आलं. वेळापत्रकात मुरवलेल्या मिनिटांच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. नव्या मार्गिका, बसच्या फेऱ्यांची फेररचना, दरवाढ, यातला प्रत्येक बदल प्रयोग म्हणून करता येणार नाही हे मला कळतं. बोगदा सात महिन्यांसाठी खणता येत नाही. पण दर, फेऱ्या, पट्ट्या, कामाच्या वेळा, यांचे प्रयोग नक्की करता येतात आणि त्यांना शेवटची तारीख देता येते.

आणि जिथं प्रयोग शक्य नाही, तिथं निदान जुनं माप पुसू नये. वेळापत्रकात गाडीचा धावण्याचा वेळ वाढवला, तर पुढची दोन वर्षं जुना वेळ नव्याच्या शेजारी छापावा. वक्तशीरपणाचा आकडा रद्द गाड्या धरून काढावा, आणि गाड्यांऐवजी माणसं मोजावीत, कारण उशिरा आलेली भरगच्च गाडी आणि वेळेवर आलेली रिकामी गाडी यांची सरासरी काढून प्रवासी घरी पोचत नाही. दर महिन्याला सरासरी वेळेबरोबर हेही छापावं, की वीस दिवसांतल्या एकोणीस दिवशी वेळेवर पोचायचं तर या मार्गावर किती आधी निघावं लागेल. प्रवासी कार्डांच्या आणि गाड्यांच्या नोंदींतून हा आकडा काढायला आज फारशी खटपट नाही. रोजचा प्रवासी तो स्वतःच्या डोक्यात आजही काढतोच, फक्त त्याचा आकडा कुठल्या बैठकीत मांडला जात नाही.